माळ्यावरचं उदमांजर, टेकडीवरचा बिबट्या

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये धावणाऱ्या बीआरटीएसच्या बसला 'चिगरी' असं नाव आहे. चिगरी म्हणजे काळवीट. अंगावर हरणाचं चित्र मिरवत ही वातानुकूलित गाडी दिवसभर पळते आणि दाजीबानपेठेतल्या माणसाला बहुधा एवढंच काळवीट ठाऊक असतं. खरं काळवीट बघायला नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या रानात जावं लागतं. तिथे मूग-हरभरा पेरणारा शेतकरी त्या कळपाकडे काही कौतुकाने पाहत नाही. कोवळं पीक एका रात्रीत खुडलं गेलं की त्याला हरणाची चाल दिसत नाही, बियाण्याचा खर्च दिसतो.

या जोडशहराची जागाच अशी आहे. पश्चिमेला मलनाडाचं जंगल सुरू होतं. दांडेलीपर्यंतचा रस्ता साधारण 75 किलोमीटरचा आणि पुढे काळी व्याघ्र प्रकल्प. पूर्वेला सपाट, उघडी काळी जमीन. तिथे काळवीट, लांडगा, खोकड. मधोमध 2011 च्या जनगणनेप्रमाणे नऊ लाख चव्वेचाळीस हजारांच्या आसपास माणसं. दोन निरनिराळ्या रानांच्या सीमेवर शहर वसलं की दोन्हीकडचे पाहुणे येणारच. मात्र सगळ्यांनाच पाहुणे म्हणता येत नाही. काही जण इथलेच आहेत, कित्येक घरांपेक्षा जुने.

दाजीबानपेठ म्हणजे जुन्या हुबळीचा गाभा. तुळजाभवानीचं देऊळ, जवळच दुर्गदबैलचा बाजार, अरुंद गल्ल्या, कापडाची आणि सोन्याचांदीची दुकानं. कानावर कन्नड पडतं, मराठी पडतं, सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या घरांतली त्यांची स्वतःची बोलीही पडते. सिमेंटच्या इमारती वाढल्या तरी कौलारू छप्पर आणि लाकडी माळा असलेली घरं अजून पूर्ण गेलेली नाहीत. अशा घरात रात्री दीडच्या सुमाराला माळ्यावर कुणीतरी चालतं. उंदराची खुडबुड नव्हे; वजन असलेली, सावकाश, थांबून थांबून टाकलेली पावलं. जुन्या हुबळीत काय आणि पुण्याच्या वाड्यांत काय, या आवाजावर कितीतरी भुताच्या गोष्टी पोसल्या गेल्या.

भूत साधारण तीन-चार किलोचं असतं. करड्या-काळ्या अंगाचं, चेहऱ्यावर मुखवटा बांधल्यासारखं, अंगाइतकीच लांब शेपटी असलेलं उदमांजर. नावात मांजर असलं तरी ते मांजराच्या कुळातलं नाही. चिकू, पेरू, आंबा, पपई ही त्याची आवड. जोडीला उंदीर, पाली, किडे. दिवसा माळ्याच्या अंधारात झोपायचं आणि रात्री भिंतीवरून, झाडावरून, विजेच्या तारेवरून फेरी मारायची. एकाच ठरावीक जागी त्याची विष्ठा पडते आणि तिच्यात फळांच्या बिया अख्ख्या दिसतात. ही खूण सापडली की भूत उतरवायला कुणाला बोलवायची गरज उरत नाही. मादी पिल्लं घालायला अशीच उबदार, निवांत जागा शोधते. तेवढे महिने घरवाल्यांनी कळ काढली, पिल्लं बाहेर पडल्यावर फुटकी कौलं बदलली आणि फटी बुजवल्या, की प्रश्न मिटतो. पिंजरा लावून, धरून, दांडेलीच्या जंगलात सोडून येण्यात पुण्य वाटतं खरं. पण माळा उघडाच राहिला तर रिकामी जागा दुसरं उदमांजर भरून काढतं, आणि सोडलेल्याला परक्या मुलखात जागा मिळेलच असं नाही.

पेठेतले बाकीचे रहिवासी म्हणजे भिंतीच्या कडेने धावणारी चिचुंद्री, गटाराजवळ बिळं पोखरणारी घूस, पडक्या वाड्यातलं मुंगूस, बाजारावर घिरट्या घालणारी घार आणि देवळाच्या कोनाड्यातलं गव्हाणी घुबड. यातल्या घुबडाचं नशीब सगळ्यांत विचित्र. लक्ष्मीचं वाहन म्हणून चित्रात त्याला मान आणि खिडकीत बसलं तर अपशकुन. वर दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी त्याची चोरटी शिकार होते ती निराळीच. धान्याच्या दुकानांशेजारी रात्रभर फुकट उंदीर मारणारा दुसरा कामगार व्यापाऱ्याला मिळायचा नाही.

सापांकडे वळलं की आवाज बदलतो. शहरात सगळ्यांत जास्त दिसते ती धामण. बिनविषारी, लांब, चपळ, आणि उंदरांच्या मागे येणारी. मारलीही तीच जास्त जाते, कारण पळताना ती नागासारखी भासते. खरं सांभाळायचं ते चौघांपासून: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातली मण्यार घराच्या दृष्टीने सगळ्यांत कपटी. ती रात्री हिंडते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते आणि चाव्याची जागा फारशी दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. तिच्याशी गल्लत होते ती निरुपद्रवी कवड्याची. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेच्या बरेच मागून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. अर्थात रात्री विजेरीच्या उजेडात हे निरखत बसू नये.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यापुढे वाघ-बिबट्यांचे बळी संख्येने किरकोळ ठरतात. तरी मथळा बिबट्यालाच मिळतो. कर्नाटकाने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक केलं आणि असं करणारं ते पहिलं राज्य ठरलं. आकडे नीट आले तर प्रतिविष कुठे किती ठेवायचं ते कळतं. हे प्रतिविष वरच्या चौघांच्या विषावरच बेतलेलं असतं आणि ते बनवणाऱ्या जुन्या संस्थांत मुंबईच्या परळची हाफकिन आहे. हुबळीकरांना रुग्णालय शोधत फिरावं लागत नाही, सगळे अजून 'किम्स' म्हणतात ते मोठं सरकारी रुग्णालय गावातच आहे. अडचण मधल्या तासाची असते. कुणी दोरी आवळतो, कुणी ब्लेडने चीर देतो, कुणी मंत्र टाकणाऱ्याकडे नेतो, आणि तो तास या तिघांत संपतो.

माकडांच्या बाबतीत मात्र धारवाडचं नाव जगाच्या प्राणिशास्त्रात कोरलेलं आहे आणि ही गोष्ट खुद्द धारवाडकरांतही फार थोड्यांना माहीत असावी. 1961 ते 1963 या काळात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आपल्या घरांवरून उड्या मारणारी तीच वानरं. 1962 मध्ये, ज्या वर्षी हुबळी-धारवाड महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षी, त्यांना एक सत्तांतर दिसलं. एकट्या नरांच्या टोळक्याने एका कळपावर हल्ला केला, कळपाच्या जुन्या म्होरक्याला हुसकून लावलं, मग त्यांच्यातल्या एकाने बाकीच्यांनाही हाकललं आणि माद्या ताब्यात घेतल्या. त्यानंतर त्या नव्या नराने कळपातल्या पिल्लांना चावे घेतले आणि पिल्लं एकेक करून नाहीशी झाली. पिल्लं गेल्यावर माद्या लवकरच पुन्हा माजावर आल्या.

1965 मध्ये हे छापून आलं तेव्हा पुष्कळांना ते पटेना. प्राणी आपल्या जातीच्या भल्यासाठी वागतात ही तेव्हाची रूढ समजूत. गर्दीमुळे, माणसांच्या त्रासामुळे वानरं बिघडली असावीत, असंही सुचवलं गेलं. पुढे सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने राजस्थानातल्या अबूला वानरांचा अभ्यास करून दाखवलं की यात बिघाड काही नाही. परक्या नराची पिल्लं संपवून स्वतःचा वंश लवकर वाढवण्याचा हा हिशेब आहे. 1977 मधल्या तिच्या ग्रंथानंतर वाद पेटला, बराच काळ चालला आणि शेवटी बहुतेकांनी हे मान्य केलं. धारवाडच्या रस्त्याकडेच्या झाडांवर जे दिसलं ते पुढे सिंहांपासून अस्वलांपर्यंत शोधलं गेलं. शहरालगतचा प्राणी म्हणजे दुय्यम, खरा प्राणी जंगलातच, असं मानणाऱ्यांनी ही हकिकत ध्यानात ठेवावी.

शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर वानरांना केळी-शेंगदाणे घालणाऱ्यांना मात्र हे सांगून उपयोग होत नाही. हाताने खाऊ मिळाला की टोळी माणसाला भीत नाही; पुढची पायरी म्हणजे पिशवी हिसकावणं आणि त्यापुढची चावणं. पुण्य एकाचं, टाके दुसऱ्याला.

आता बिबट्या. सप्टेंबर 2021 मध्ये हुबळीच्या नृपतुंग बेट्टाच्या परिसरात तो दिसला. उणकल आणि राजनगर यांच्यामधली ही टेकडी म्हणजे सकाळच्या फिरणाऱ्यांची हक्काची जागा. राजनगरात केंद्रीय विद्यालय, भोवती दाट वस्ती. शाळांना सुट्टी दिली गेली, पिंजरे आणि कॅमेरे लागले, वनखात्याची माणसं झुडपं धुंडाळू लागली. काही दिवसांनी धारवाडजवळच्या कवलगेरी गावच्या शिवारात एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला. तो हुबळीचाच की दुसरा, यावर चहाच्या टपऱ्यांवर बराच खल झाला. त्या खलातून एवढं तरी उघड झालं की दोन बिबटे असू शकतात ही शक्यता आता कुणालाच अशक्य वाटत नव्हती.

पुढच्या वर्षी बेळगावची पाळी आली. 5 ऑगस्ट 2022 रोजी जाधवनगरात एका बांधकाम कामगारावर बिबट्याने हल्ला केला आणि तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. त्या भागातल्या वीस-बावीस शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. शिवमोग्याच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले गेले, नेमबाज आले, ड्रोन आले. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत या बिबट्यावर विनोद झाले. सीमाभागात एवढं एकमत क्वचित पाहायला मिळतं. बिबट्या काही सापडला नाही. तो आपल्या वाटेने निघून गेला असावा, आणि ही वाट हत्ती-ड्रोन नसते तर त्याने आधीच धरली असती असं मानायला जागा आहे.

असं म्हणायला आधार जुन्नर आणि अकोले तालुक्यांतल्या अनुभवाचा आहे. जुन्नर वनविभागात 2001 च्या सुमारास उसातले बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लावला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले: त्याआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले माणसांवर होत, ते या मोहिमेच्या काळात 17 वर गेले. ओळखीचा मुलूख सुटलेला, बुजलेला प्राणी आणि त्याच्या मोकळ्या जागेत शिरणारे नवखे, दोन्ही घातक. सोडलेला बिबट्या थांबत नाही हेही कळलं. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्क नर गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. 'आजोबा' हे त्याचं नाव. तो मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, लोहमार्ग ओलांडून, शंभरावर किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत कुणाला ओरखडा नाही. 2011 मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. 2014 मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपट आला.

अकोले तालुक्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात आणि जवळ मोठं जंगल नाही, तिथे अत्रेय यांच्याच गटाला दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव किंवा गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यातही पहिला नंबर कुत्र्याचा. शेळीचा नव्हे. मुंबईच्या उद्यानाभोवतीच्या सुमारे 35 बिबट्यांविषयी 2018 मध्ये संशोधकांनी मांडलेला हिशेब तर गमतीचा आहे: ते वर्षाला 1,500 भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारेक कुत्र्यांचे चावे टळतात. हिशेबच तो, त्यात गृहीतकं आहेतच. तरी दिशा चुकलेली नाही.

देशात 13,874 बिबटे आहेत असा 2022 च्या गणनेचा अंदाज सांगतो. महाराष्ट्रात 1,985 आणि कर्नाटकात 1,879. पण ही गणना मुख्यतः जंगलांतली. ऊस, मका, टेकड्या आणि वस्त्यांच्या कडेला राहणारे तिच्यात नीट येत नाहीत. म्हणून 'बिबट्या शहरात शिरला' या वाक्यातलं 'शिरला' जरा जपून वापरावं. पुष्कळदा शहरच टेकडीवर चढलेलं असतं.

हे सगळं वाचून बिबट्या निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. जुन्नर-शिरूर भागात त्याने लहान मुलं उचलली आहेत आणि त्या आईबापांपुढे अकोल्याची टक्केवारी ठेवणं हा निव्वळ निर्दयपणा होईल. उसाच्या बांधावरच्या झोपडीत दार नसणं, घराशेजारी संडास नसणं, शेतीपंपाची वीज रात्रीच मिळणं, ही त्या मृत्यूंची खरी कारणं आणि ती वनखात्याच्या नव्हे, सरकारच्या इतर खात्यांच्या कपाटांत आहेत.

कचऱ्याचंही तसंच. हुबळीच्या रस्त्यांवर फिरणारी डुकरं हा इथला जुना वाद. पालिका धरपकड काढते, त्यांचे मालक आडवे येतात, काही दिवसांनी डुकरं पुन्हा उकिरड्यावर. मांसाच्या दुकानांचा टाकाऊ माल, लग्नकार्यालयांमागचं उष्टं, उघड्या कचराकुंड्या: यावर डुकरं आणि कुत्री वाढतात, घुशी वाढतात. घुशींमागे धामण आणि नाग येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. आमंत्रण आपण घालतो आणि पाहुणा आला की आरडाओरडा करतो.

आणि त्या आरडाओरड्याने काय होतं ते पुण्याने दाखवलं. 9 डिसेंबर 2020 ला सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा आला. वजनदार, भित्रा, बुजलेला प्राणी. मोबाइल उंचावलेली गर्दी त्याच्यामागे लागली, तो गल्ल्यांतून धावत सुटला, भिंतींना, फाटकांना धडकला, तोंडातून फेस आणि रक्त. भुलीची इंजेक्शनं मारून, दोर टाकून त्याला धरलं, आणि तो मेला. त्याच महिन्यात बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी पोलिसांनी माणसं लांब ठेवली, वनखात्याने वाट मोकळी सोडली आणि गवा डोंगराकडे निघून गेला. शहर तेच, महिना तोच, जनावर त्याच जातीचं. बदलली फक्त गर्दी.

वन्यप्राण्यांना हात लावण्याबाबत कायदा संदिग्ध नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेच; 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नागालाही तिथे नेलं. साप धरून त्याच्याबरोबर चित्रफीत काढणारे हौशी 'सर्पमित्र' हे विसरतात. सांगलीच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडण्याची जुनी प्रथा याच कायद्याखाली न्यायालयाने थांबवली. हुबळीकडे पंचमी म्हणजे झोके आणि लाडू, पुजायला दगडी नाग. तो कुणाला चावत नाही आणि त्यालाही कुणाचा त्रास नाही.

हिवाळ्यात हुबळीकराने एकदा गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर जाऊन यावं. मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस तिथे हजारोंनी उतरतात. जानेवारी 2024 मध्ये या तलावाला रामसर दर्जा मिळाला. गावातलं उणकल तळं त्या मानाने जलपर्णीखाली गुदमरलेलं, तरी काठावर बगळे, पाणकावळे दिसतात. ते तळं उपसून स्वच्छ ठेवलं तर पक्षी बघायला गदगपर्यंत जाण्याची गरज उरणार नाही.

दारात जनावर दिसलं तर करायचं ते थोडकंच आहे. दिवे लावावेत, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्यावं, जनावराला जायला एक बाजू मोकळी ठेवावी, गच्चीवरून दगड मारू नयेत आणि चित्रफीत काढून गटांवर टाकू नये, कारण पाच मिनिटांत गर्दी तीच चित्रफीत बघून येते. वनखात्याची मदतवाहिनी कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही 1926 आहे. साप चावला तर रुग्णवाहिकेसाठी 108.